दारातली गाडी आणि तिचं अपडेट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा निरोप होता, "तू पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करतेस, तर आम्हाला कळेल असं दहा मिनिटं बोल." ‘आम्हाला कळेल असं’ यावर बराच जोर होता! आपल्या ग्रुपवर सध्या एकच चर्चा आहे, इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की नाही. किंमत, चार्जिंग, आपल्या रावेरच्या मे महिन्यात बॅटरी टिकेल का, सगळं विचारून झालं. अपडेटचं मात्र कुणी काढलं नाही, म्हणून मी तेच घेते.

आपल्या वडिलांनी मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर घेतला, तो शोरूममधून जसा निघाला तसाच शेवटपर्यंत राहिला. आताच्या गाडीत बॅटरी, मोटर, ब्रेक, स्क्रीन यांचे वेगवेगळे छोटे संगणक असतात. त्यांच्यातला प्रोग्राम कंपनी मोबाइलच्या नेटवर्कवरून बदलू शकते, आणि तेवढ्यानं गाडी खरोखर बदलते. २०१८ साली अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेनं टेस्लाच्या मॉडेल ३ गाडीचे ब्रेक तपासले. ताशी ६० मैल वेगावरून थांबायला तिला १५२ फूट लागले. संस्थेनं नाराजी छापली. काही दिवसांत कंपनीनं अपडेट पाठवलं आणि तीच गाडी १३३ फुटांत थांबली. गॅरेजमध्ये न जाता १९ फूट कमी झाले! रस्त्यात बैलगाडी आडवी आली, तर १९ फूट म्हणजे काय ते इथे वेगळं सांगायला नको.

आता ग्रुपवरचा दुसरा प्रश्न. "अपडेट चालू असताना लाइट गेली, नेटवर्क गेलं, तर?" नेटवर्क गेलं तर फार बिघडत नाही. आधी फाइल पूर्ण उतरते, मग ती कंपनीचीच आहे का याची डिजिटल सही तपासली जाते, त्यानंतर बदल सुरू होतो. चांगल्या रचनेत प्रोग्रामसाठी दोन खोल्या असतात. एका खोलीत जुना प्रोग्राम तसाच राहतो, दुसरीत नवा भरतात. नवा नीट उठला नाही, तर गाडी जुन्यावर परत जाते. तरी बदल सुरू झाल्यावर गाडी उभीच हवी आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी धड हवी. इलेक्ट्रिक गाडीतही ती असते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता थोडं टक्क्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून होतात. पेट्रोलच्या टाकीत तरंगणारा गोळा असतो, तो पातळी दाखवतो. बॅटरीत तसं काही नसतं. स्क्रीनवरचे ६२ टक्के हा सॉफ्टवेअरनं बांधलेला अंदाज असतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी प्रकारची बॅटरी असते. ती उष्णतेला तुलनेनं बरी, टिकाऊही. पण निम्मी रिकामी झाली तरी तिचा व्होल्टेज फारसा उतरत नाही. त्यामुळे अंदाज चुकत जातो. म्हणून अशा गाड्या अधूनमधून पूर्ण १०० टक्के चार्ज करा असं कंपन्या सांगतात. माझ्या मामेभावाच्या गाडीत अपडेटनंतर रेंज वीसेक किलोमीटर कमी दिसायला लागली. त्याचा रात्री अकराला फोन, "ताई, बॅटरी चोरली गं यांनी!" बॅटरी होती तेवढीच होती, अंदाज सुधारला होता. पण अपडेटसोबत हे दोन ओळींत मराठीत लिहून यायला काय हरकत होती? तिथे ‘बग फिक्सेस’ एवढंच लिहिलेलं. हे मला मान्य नाही, आणि आमच्या बैठकांतही मी ते बोलते.

कारण दर वेळी अंदाजच सुधारलेला असतो असंही नाही. २०१९ मध्ये काही गाड्यांना आगी लागल्यावर टेस्लानं अपडेट पाठवून जुन्या मॉडेल एस गाड्यांच्या बॅटरीचा कमाल व्होल्टेज खाली आणला. हेतू सुरक्षेचा असेल, पण मालकांची रेंज खरोखर घटली. ते कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये १,७४३ गाड्यांसाठी १५ लाख डॉलरची तडजोड झाली, गाडीमागे ६२५ डॉलर. पैसे देऊन घेतलेली वस्तू दारात उभी असताना कमी करता येते, हे मला त्या १५ लाखांपेक्षा मोठं वाटतं.

नियम येत आहेत. संयुक्त राष्ट्रांचा १५६ क्रमांकाचा नियम २०२१ पासून लागू आहे. अपडेट फसलं तर गाडी जुन्या आवृत्तीवर किंवा सुरक्षित स्थितीत यायला हवी आणि मालकाला आधी सांगायला हवं, असं तो म्हणतो. त्याच धर्तीवर आपल्याकडे एआयएस-१९० आहे. आणि हे सगळं लांबचं नाही. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली ती पुण्याजवळच्या रांजणगावातून, आणि महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या चाकणला बनतात.

आता आपल्यातल्या एकाबद्दल. स्टेशनकडच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे. नाव घेत नाही, समोरच बसलाय. सकाळी चहा घेताना म्हणाला, "तुमचं सगळं लॅपटॉपवर, मग आमच्या पान्याचं काय?" या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. सस्पेन्शन, टायर, ब्रेकचे पॅड, एसी ही कामं त्याच्याकडेच राहतील. पण पार्ट बदलल्यावर तो गाडीला ओळखीचा करून द्यायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागलं, तर रावेरचं गिऱ्हाईक जळगावला जाणार. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, पोर्टलही काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि त्याच्या हातात निदानाचं यंत्र परवडेल अशा भावात येणं वेगळं. यासाठी गॅरेजवाल्यांनी एकत्र येऊन मागणी करावी लागेल. तांत्रिक भाग लिहून द्यायला मी तयार आहे, हे त्याला चहावरच सांगितलंय.

गाडी घेणाऱ्यांनी शोरूममध्ये तीन गोष्टी लेखी विचारा: अपडेट किती वर्षं मिळणार, रेंज किंवा चार्जिंगचा वेग बदलणारं अपडेट आधी सांगून येणार का, आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं तर वॉरंटीचं काय. सेल्समनला उत्तर येत नसेल, तर त्याच्या साहेबांकडून ईमेल मागा. बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे हे सगळे सांगतात. नवव्या वर्षी सॉफ्टवेअर कोण सांभाळणार, हे कुणी आपणहून सांगत नाही.

बाहेर मैदानात आपल्या दोघांच्या इलेक्ट्रिक गाड्या उभ्या आहेत. जेवणात भरीत आहे असं कळलंय, त्यामुळे मी आता थांबते. जेवणानंतर ज्यांना बघायचंय त्यांनी तिकडे या, अपडेटची यादी स्क्रीनवर कुठे सापडते ते दाखवते. सर, तुम्हीसुद्धा या.