पेन्शनचं भाषण आज, बिल २०६० साली



आज मी पेन्शनवर बोलणार आहे. विशी-पंचविशीतल्या पोरांपुढं म्हातारपणाचा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्या जोयडा तालुक्याकडं बघा. जंगल मोठं, शेती थोडी, कितीतरी पोरं कामासाठी गोव्यात. जी मागं राहतात त्यातली बरीच शिक्षक, पोलीस, फॉरेस्ट गार्ड अशा भरतीचा अभ्यास करतात. घरचे म्हणतात, "सरकारी नोकरी बघ, पुढं पेन्शन मिळते." ती पेन्शन कुठली, हे मात्र कोणी सांगत नाही.

आधी ते समजून घेऊ. जुन्या पेन्शनमध्ये शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम मिळायची, वर महागाई भत्ता वाढत जायचा. कर्मचाऱ्याच्या पगारातून त्यासाठी काही कापलं जात नसे. नव्या योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, पगारातून दर महिन्याला १० टक्के कापतात, सरकार आपला वाटा घालतं आणि तो पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीच्या वेळी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात मिळते. उरलेल्या किमान ४० टक्क्यांतून महिन्याची पेन्शन विकत घ्यायची. ती किती येईल, हे आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. केंद्रात ही योजना १ जानेवारी २००४ पासून आली, महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून, कर्नाटकात १ एप्रिल २००६ पासून.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. १९८२ साली डी. एस. नकारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे. मग एवढा मोठा बदल झाला कसा? कारण तो जुन्या कर्मचाऱ्यांना लागूच केला नाही. जे अजून नोकरीत आलेच नव्हते, त्यांना लागू केला. २००६ साली आपल्यातले बरेच जण अंगणवाडीत होते. अंगणवाडीतलं पोर संप करत नाही आणि मतही देत नाही.

आता भाषणांकडं येऊ. सीमेवर राहत असल्यानं आपल्याला दोन्ही राज्यांची भाषणं ऐकायला मिळतात. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात देवेंद्र फडणवीस म्हणाले, जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. पुढच्याच महिन्यात शिक्षक मतदारसंघाचा प्रचार आला आणि सूर बदलला. आम्ही याबाबत नकारात्मक नाही, असं ते सांगू लागले. मार्चमध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत कर्मचारी संपावर गेले. १४ ते २० मार्च संप चालला. निष्पन्न काय? समिती.

आपल्या कर्नाटकातही तेच. १ मार्च २०२३ ला कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. बोम्मई सरकारनं १७ टक्के अंतरिम वाढ दिली आणि पेन्शनसाठी समिती नेमली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत काँग्रेसच्या जाहीरनाम्यात काय होतं? जुन्या पेन्शनचा सहानुभूतीनं विचार करू. "देऊ" वेगळं आणि "विचार करू" वेगळं. मत मागताना माणूस "देऊ" असंच ऐकतो.

दोन्हीकडं ठोस काय मिळालं, तेही सांगायला पाहिजे. ज्यांची भरतीची जाहिरात नवी योजना येण्याआधी निघाली होती, पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुनी पेन्शन देण्याचा निर्णय दोन्ही राज्यांनी जानेवारी २०२४ मध्ये घेतला. कर्नाटकात असे सुमारे १३ हजार कर्मचारी होते. बाकीचे अजून वाटच बघतायत.

मग खरं कोणाचं? "खजिना रिकामा होईल" म्हणणाऱ्याचं, की "सगळ्यांना देऊ" म्हणणाऱ्याचं? रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी सप्टेंबर २०२३ मध्ये हिशेब मांडला. सगळी राज्यं जुन्या पेन्शनकडं परतली तर एकूण बोजा नव्या योजनेच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो. पण सुरुवातीची काही वर्षं राज्यांचा पैसा उलट वाचतो! कारण एनपीएसमध्ये भरायचा सरकारी वाटा लगेच थांबतो आणि नव्या भरतीतले लोक निवृत्त व्हायला अजून अवकाश असतो. म्हणजे घोषणा करणाऱ्याला आज फायदा, बिल पुढच्यांच्या नावावर. पंचविशीत नोकरीला लागलेला माणूस साठीला पोचेपर्यंत कर्नाटकात सात विधानसभा निवडणुका होतील. आज माइकवर बोलणारा तेव्हा कुठं असेल?

म्हणून कर्मचाऱ्यांची मागणी चूक आहे, असं मी म्हणत नाही. तीस वर्षं राबलेल्या माणसाला म्हातारपणी किती मिळणार हे कळलं पाहिजे. केंद्रालाही शेवटी ते मानावं लागलं. एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी एकीकृत पेन्शन योजना आली. तिच्यात २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी आहे.

आता शेवटचा मुद्दा. "मूठभर नोकरदारांसाठी गरिबांचा पैसा का उधळायचा?" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ऐकायला बरं वाटतं. पण गरिबाला काय देताय, ते बघू. आपल्या तालुक्यातल्या कुणबी आणि गवळी वस्त्यांवरच्या बहुतेक आज्ज्यांनी सरकारी पगार कधी पाहिलेला नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब म्हाताऱ्यांसाठी दिल्लीचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे. पंधरा वर्षांहून जास्त काळ तो तेवढाच आहे. कर्नाटकची संध्या सुरक्षा २०२१ साली १,००० वरून १,२०० झाली. महागाई वाढली की नोकरदाराचा महागाई भत्ता वाढतो. आज्जीला महागाई लागत नाही काय? शिक्षकाची पेन्शन अडवताना आज्जीचं नाव घ्यायचं आणि आज्जीचे २०० मात्र तसेच ठेवायचे, हा कसला न्याय?

तेव्हा उद्या रामनगरच्या बाजारात कोणी पेन्शनवर भाषण ठोकलं, तर टाळ्या वाजवायच्या आधी विचारा. आदेश कधी निघणार? पैसा कुठल्या वर्षी, कुठून येणार? आणि त्या हिशेबात वस्तीवरची आज्जी कुठं आहे? प्रश्न आपणच विचारायला पाहिजेत, कारण २०६० साली रांगेत आपणच उभे असणार.