अभ्यासाची कार्डे आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला मुलांच्या अभ्यासाविषयी दोन शब्द बोलावयास सांगितले आहे. विषय साधा आहे. पण आपल्या काळाचौकीत दहावीचे वर्ष म्हणजे साऱ्या घराची परीक्षा असते, हे आपणांस निराळे सांगावयास नको. खोली एक, माणसे पाच-सहा, आणि त्यातच टी.व्ही. चालू. अशा घरात अभ्यास कसा करावा, याचा एक स्वस्त उपाय मी सांगणार आहे. त्याला फ्लॅशकार्ड म्हणतात; आपण नुसते कार्ड म्हणू.

मूल एकच पान चारदा वाचते. पान ओळखीचे होते आणि त्याला वाटते, ‘आले मला!’ पण ओळखणे निराळे आणि आठवणे निराळे. सातचा पाढा धडाधड म्हणणाऱ्या मुलाला मध्येच विचारा, “सात नवे किती?” तो मनात ‘सात एके सात’पासून सुरुवात करतो. परीक्षेत प्रश्न असा मधूनच येतो. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी २००६ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तोच उतारा चार सत्रांत वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर त्यातले सुमारे ४० टक्के आठवले. एकाच सत्रात वाचून तीनदा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के आठवले. कार्डाचे सारे मर्म यातच आहे. उत्तर पाठीमागे असते. ते आधी आठवावे लागते.

आता कार्डे कशी करावीत ते सांगते. विकत काही आणू नका. लग्नसराईत घरोघरी पत्रिका साठतात. त्यांचा कोरा भाग खेळण्याच्या पत्त्याएवढा कापावा. पुढे प्रश्न, मागे उत्तर.

पहिली गोष्ट, एका कार्डावर एकच गोष्ट. ‘गिरणी कामगारांची चळवळ’ असे पुढे लिहून मागे दहा ओळी भरल्या, तर ते कार्ड नव्हे, पुस्तकाचे पान झाले. त्याऐवजी विचारावे, ‘गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी कोणाच्या प्रयत्नाने मिळाली?’ मागे ‘नारायण मेघाजी लोखंडे’. ‘ती कोणत्या साली मिळाली?’ हे दुसरे कार्ड, मागे ‘१८९०’.

दुसरी गोष्ट, नुसती नावे आणि सनावळ्या नकोत. ‘का’ हा प्रश्नही हवा. ‘मुंबईची दमट हवा सूतगिरण्यांना का मानवली?’ मागे लिहावे, ‘दमट हवेत सूत सहसा तुटत नाही.’ ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर आपल्या वडीलधाऱ्यांची घड्याळे चालली, त्यांविषयीचे असे उत्तर मूल विसरत नाही.

तिसरी गोष्ट, कार्ड मुलाने स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत लिहावे. आपण सुबक करून देऊ नये. मात्र धडा आधी नीट समजलेला हवा. न समजलेल्याचे कार्ड म्हणजे पुन्हा पोपटपंचीच. आणि गणिते, निबंध ही कार्डांची कामे नव्हेत. ती वहीतच करावयाची.

कार्डे ठेवण्यास मिठाईचा खोका घ्या. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली कप्प्यांच्या पेटीची युक्ती पुस्तकातून सांगितली. आपल्याला तीन कप्पे पुरेत. पहिल्यातली कार्डे रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने विचारावी. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकले की परत पहिल्यात. म्हणजे जे येते त्यावर वेळ जात नाही, आणि जे येत नाही ते रोज समोर येते.

आता खरा मुद्दा. “आम्ही फार शिकलो नाही, अभ्यास कसा घेणार?” असे पुष्कळ भगिनी मला विचारतात. त्यांना मी सांगते, कार्डाच्या अभ्यासात आईला धडा येण्याची गरज नाही. वाचता येत असेल तर प्रश्न विचारावा. येत नसेल तर मुलानेच प्रश्न मोठ्याने वाचावा. आईचे काम एवढेच, की उत्तर तोंडातून आल्याखेरीज कार्ड उलटू द्यावयाचे नाही, आणि चुकलेले कार्ड लबाडीने पुढच्या कप्प्यात जाऊ द्यावयाचे नाही. पोळ्या लाटता लाटता हे होते. ‘येत नाही’ म्हटले तरी रागावू नका. ते कार्ड उद्या पुन्हा येणारच आहे.

आणि एक मुलींविषयी. मुलाला अभ्यासाला सलग दोन तास मिळतात. मुलीला पाणी भरणे, धाकट्याला सांभाळणे यांतून दहा-दहा मिनिटे मिळतात. तिची वीस कार्डे त्या दहा मिनिटांत होतात, हे खरे. पण म्हणून तिला दहाच मिनिटे द्यावीत, असे कोणी समजू नये. कार्डांनी वेळ वाचतो, तो तिचाच आहे; त्यात दुसरे काम घालू नका.

ज्या भगिनी स्वतः रात्रशाळेतून दहावीस बसणार आहेत, त्यांनी तर हा खोका आजच करावा. मग कार्ड धरण्याचे काम मुलांकडे द्यावे. आईची परीक्षा घ्यावयास मुलांना फार आवडते!

पुढच्या शनिवारी आपल्या पत्रिका आणि एक कात्री घेऊन मंडळात या, आपण पहिली पन्नास कार्डे मिळून करू. एवढे सांगून मी आपले दोन शब्द पुरे करते.