खाऱ्या पाण्याच्या काचपेटींतील वाळू

समुद्रांतील जीव काचेच्या पेटींत पाळण्याची हौस अर्वाचीन आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि हां हां म्हणतां हा छंद तेथील दिवाणखान्यांत शिरला. मुंबईकरांना या सृष्टीची ओळख १९५१ सालीं उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयानें करून दिली. घरीं अशी पेटी मांडणारा गृहस्थ माशांच्या निवडीवर पुष्कळ विचार करतो; वाळू मात्र नुसता रंग पाहून घेऊन येतो. त्याची फसगत होते ती येथेंच.

वाळू ही केवळ शोभेची बैठक नव्हे. माशांच्या मलमूत्रांतून व उरलेल्या अन्नांतून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. वाळूच्या कणांवर वस्ती करणारे सूक्ष्म जंतु प्राणवायूच्या साह्यानें त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट बनवितात. त्याहून खोल, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें दुसरे जंतु नायट्रेटाचा नत्रवायु करून टाकतात. तेव्हां वाळू निवडणें म्हणजे या अदृश्य कामकऱ्यांसाठीं घर निवडणें होय.

वाळूच्या मुख्य जाती दोन. पोवळीं, शिंपले इत्यादिकांच्या चुऱ्याची ती अ‍ॅरागोनाइट, म्हणजे चुन्याची वाळू, दुसरी गारेची. शिरक्याचे दोन थेंब टाकतांच पहिली फसफसते, दुसरी निमूट राहते. चुन्याची वाळू पाण्यास आम्ल होऊं देत नाहीं अशी तिची ख्याति आहे. परंतु ती विरघळते तीहि थराच्या खोल, आम्ल भागांत आणि अगदीं सावकाश. गारेची वाळू अपायकारक नाहीं. मात्र तिच्याकडून तेवढेंहि साह्य होत नाहीं.

कण एक ते दोन मिलिमीटरांचे असल्यास सामान्यतः बरें. फार बारीक वाळू प्रवाहानें उडते; मोठ्या खड्यांत अन्न अडकून कुजतें. तथापि गोबी जातीचे कांहीं मासे वाळू तोंडांत घेऊन कल्ल्यांवाटे गाळतात, रॅस जातीचे कित्येक मासे रात्रीं वाळूंत शिरून निजतात. धारदार वाळूनें त्यांचें अंग सोलवटतें. त्यांना बारीक, गोलसर कणच हवेत. म्हणून मासा आधीं ठरवावा, वाळू मागाहून.

थर ३ ते ५ सेंटिमीटरांचा पुरे. ९० सेंटिमीटर लांब व ४५ रुंद अशा पेटींत ४ सेंटिमीटर थरास सुमारें १६ लिटर, म्हणजे अदमासें २५ किलो कोरडी वाळू लागते. नायट्रेट नाहींसें करण्यासाठीं कोणी १० सेंटिमीटरांहून खोल थर देतात. पण तो मागाहून उकरूं नये. तळाशीं सांचलेला कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायु मोकळा झाला, तर पेटींतील मासे दगावण्याची भीति असते.

किनाऱ्यावरची फुकट वाळू भरण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु शहरालगतच्या वाळूंत तेल व सांडपाणी मुरलेलें असतें. रत्नागिरीच्या काळ्या वाळूंत लोह व टायटॅनियम असलेलें इल्मेनाइट असतें. खडक बांधणाऱ्या पोवळ्यांस तर भारतांत २००१ पासून वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे. तीं आणून कुटणें हा गुन्हाच होय.

वाळू गोड्या पाण्यानें, पाणी निवळ निघेपर्यंत धुवावी. ती पसरल्यावर जंतूंची वस्ती जमण्यास कांहीं आठवडे लागतात. तेवढे दिवस पेटी रिकामी दिसते. पण अमोनिया व नायट्राइट नाहींसे झाल्याची परीक्षा होण्यापूर्वीं मासा सोडण्याची घाई करूं नये. त्या घाईची किंमत हौशी गृहस्थाला नव्हे, मुक्या जिवाला द्यावी लागते.