एका वाचकाची वही

कादंबरीवर बोलण्याचा अधिकार टीकाकाराचा, असे आपण गृहीत धरून चालतो. कादंबरी ज्याच्यासाठी लिहिली जाते तो वाचक बहुधा मुका असतो. त्याला एखादे पुस्तक आवडले तर तो ते शेजाऱ्याला देतो. न आवडले तर मुदतीपूर्वीच वाचनालयात परत करतो. त्याची टीका एवढीच. पण काही वाचक वही ठेवतात. अशाच एका वाचकाची आणि त्याच्या वहीची ही हकीगत आहे.

हे गृहस्थ साताऱ्याकडचे. नोकरीनिमित्त कोलकात्याला गेले आणि हिशेबखात्यात चाळीस वर्षे काढून तिथेच निवृत्त झाले. तिथल्या मराठी मंडळींनी सांभाळलेल्या दोन कपाटांतली पुस्तके हेच त्यांचे महाराष्ट्राशी उरलेले नाते. घरात नात आहे. शाळेत बंगाली नि इंग्रजी, घरी मराठी, अशा तीन पाण्यांत वाढलेली. मराठी तिला बोलता येते, वाचता येते, पण वाचीत मात्र नाही. यंदा सुट्टी लागली तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, मी एक मराठी कादंबरी वाचीन. एकच. तुम्ही सांगाल ती." म्हाताऱ्याची झोप उडाली. ती एक जर रुचली नाही, तर मराठी पुस्तकाला ती पुन्हा हात लावणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी पूर्वी वाचलेल्या कादंबऱ्या एकेक करून पुन्हा वाचायला घेतल्या, आणि वहीत जे खरे वाटले ते लिहिले.

आरंभ अर्थातच 'ययाति'पासून. वि. स. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ सालची. १९६० मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ मध्ये मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळाले ते खांडेकरांच्या रूपाने. या वाचकाने ती तरुणपणी वाचली होती आणि तिच्यातली वाक्ये सुंदर अक्षरांत उतरवून घेतली होती. आता तीच वाक्ये त्यांना वाटेत आडवी येऊ लागली. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघेजण आपापली कहाणी सांगतात, ही रचना उत्तम. परंतु राजा, ऋषिकन्या आणि दासी झालेली राजकन्या या तिघांच्याही तोंडी एकच वाणी, एकच उपमांची फुलदाणी! पाने मिटून कोणी एखादा उतारा वाचून दाखविला, तर बोलणारे माणूस कोणते हे सांगता येईल का, असे वहीत विचारले आहे. दु:ख उमटते न उमटते तोच त्याचे सुभाषित होते, आणि सुभाषित झालेले दु:ख कोणाचेच राहत नाही. इतके लिहून झाल्यावर त्या गृहस्थांना अपराध्यासारखे वाटले असावे. कारण खाली वेगळ्या शाईत आणखी एक नोंद आहे. व्यासांच्या कथेत जी जवळजवळ केवळ निमित्तमात्र होती, त्या शर्मिष्ठेला खांडेकरांनी अंत:करण दिले, आणि तान्ह्या पुरूला घेऊन तिच्यावर परागंदा होण्याची पाळी येते तिथे उपमा आपोआप विरळ होतात, असे तीत म्हटले आहे. हे निरीक्षण नेमके आहे. तरीही नातीसाठी 'ययाति' बाजूला पडली. एके काळी आपल्याला ज्या पुस्तकाने वेड लावले ते आज लावीत नाही, हे कबूल करणे हिशेबनीसालाही सोपे गेले नसावे.

'कोसला'चा प्रकार उलट. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा लेखकाचे वय पंचविशीचे. आमच्या वाचकाने ती प्रथम हाती घेतली तेव्हा चाळीस पानांवर टाकून दिली होती. 'वगैरे' नि 'उदाहरणार्थ' यांच्या माऱ्यापुढे ते टिकले नाहीत. या खेपेस नेटाने शेवटापर्यंत गेले. वसतिगृहाची, कॉलेजची, स्नेहसंमेलनाची पाने अजूनही त्यांना लांबलेलीच वाटली, आणि तसे त्यांनी न लाजता लिहून ठेवले. मग पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते. त्या भागाविषयी वहीत एकच ओळ आहे : "या पानांनंतर दिवा मालवला." पुढे दुसऱ्या दिवशीची नोंद अशी की, तोपर्यंतची सगळी थट्टा ही या दु:खाला तोंड देण्याची पूर्वतयारी असावी. टीकाकार हे मान्य करतील की नाही कोण जाणे. नातीला मात्र पुण्यातल्या एका मुलाच्या कंटाळ्याची गोडी मनीच्या मरणापर्यंत टिकेल, याची त्यांना खात्री वाटेना.

खरा जीव गुंतला तो 'बनगरवाडी'त. व्यंकटेश माडगूळकरांच्या या लहानशा पुस्तकाला (ते १९५५ चे) माणदेशच्या तांबूस मातीचा वास आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर एक पोरगेलासा मास्तर शाळा चालवायला येतो. म्हातारा कारभारी, अनाथ आयबू, चोरीवर पोट भरणारा आनंदा रामोशी, अशी माणसे एकामागून एक येतात, आपले चार शब्द बोलतात आणि जातात. त्यांची ओळख करून देण्याची घाई लेखकाला नाही. शेकूला बैलाची जोड मिळत नाही आणि त्याची बायको स्वत: जुवाखाली मान देते, हा प्रसंग वाचताना या गृहस्थांनी पुस्तक उलटे ठेवले आणि गच्चीवर जाऊन आले. याच प्रसंगावर दुसऱ्या कोणा लेखकाने एक प्रकरण लिहिले असते, त्यात शासनाला दोष दिला असता, दैवाला दिला असता. माडगूळकर फक्त नांगर चालताना दाखवितात. पुढे पाऊस दगा देतो, मेंढरे मरतात, माणसे चालू लागतात, आणि ज्या वाडीत मास्तरने खटपट करून तालीम बांधविली ती वाडी ओस पडते. साताऱ्याकडचे घर पन्नास वर्षांपूर्वी सोडून आलेल्या माणसाला तो शेवट कोणी समजावून सांगावा लागला नाही.

आणि तरीही इथे वहीत एक तक्रार आहे. कारभाऱ्याची मुलगी अंजी मास्तरच्या मनात काही हलवून जाते, गैरसमज होतात, नि तो धागा तिथेच सुटतो. अंजीचे मन मास्तरला कळले नाही, की ते दूरच ठेवावे असे लेखकालाच वाटले? या पुस्तकातल्या बायका उंबऱ्याच्या आतच राहतात. नात नेमकी तिथेच बोट ठेवील, अशी आजोबांना धास्ती. शिवाय ती माणदेशी बोली! घरातल्या नीटनेटक्या मराठीवर वाढलेल्या पोरीला पहिल्याच पानापासून अर्थ विचारीत बसावे लागले, तर वाचनाचा आनंद कसला?

मध्ये थोडा काळ ते मराठीबाहेरही हिंडून आले. तकळींची 'चेम्मीन' (१९५६) नारायण मेनन यांच्या इंग्रजी भाषांतरातून वाचली. समुद्रावर गेलेल्या कोळ्याचा जीव किनाऱ्यावरच्या बायकोच्या शीलावर टांगलेला असतो, ही समजूत कथेला विलक्षण ओढ देते, पण त्यांच्या हिशेबी मनात अडकून बसली ती चेंबनकुंजूने परीकुट्टीची बुडविलेली रक्कम! ताराशंकर बंद्योपाध्यायांची 'आरोग्य निकेतन' (१९५३) मात्र त्यांनी मूळ बंगालीत वाचली. नाडीवर बोट ठेवून मृत्यूची चाहूल ओळखणारा वृद्ध जीवन मशाय, त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला नव्या विद्येचा प्रद्योत डॉक्टर. लेखकाने यात पक्षपात केला नाही, असे पुष्कळांचे मत. या वाचकाचे मत की तो केला आहे, जुन्या बाजूने केला आहे, आणि तो केल्यामुळेच पुस्तक जिवंत आहे. स्वत:च्या मुलाची नाडी पाहून त्याचे मरण ओळखणारा बाप आणि ते ऐकावे लागणारी आई, हा भाग त्यांना पुन्हा वाचवला नाही. अखेरीस मशाय आपल्याच मृत्यूची पावले ओळखू पाहतो, तिथवर ते सावकाश पोहोचले. "मराठीत असे का नाही?" असे त्यांनी प्रथम लिहिले, आणि नंतर खोडले. खोडण्याचे कारण दिलेले नाही. कपाटातली सगळी मराठी पुस्तके वाचल्यावाचून तसे विचारणे बरे नव्हे, असे त्यांना वाटले असावे.

राहिली 'रणांगण'. विश्राम बेडेकरांची ही सडपातळ कादंबरी १९३९ सालची, म्हणजे वर सांगितलेल्या सर्व मराठी पुस्तकांहून वयाने वडील. युरोपातून पूर्वेकडे निघालेली एक आगबोट. तीवर हिटलरच्या जर्मनीने हाकलून दिलेले ज्यू. त्यांच्यात हॅर्टा नावाची तरुणी, आणि प्रेमात पोळून निघाल्याने स्त्रीवर विश्वास टाकायचा नाही असे ठरविलेला चक्रधर विध्वंस. थोड्या दिवसांचा प्रवास, नि तेवढ्यात दोन आयुष्ये. मुंबई येते, चक्रधर उतरतो. हॅर्टाला उतरता येत नाही. घरही नाही आणि देशही नाही अशा माणसांना त्या काळी फार थोडी बंदरे उघडी होती. बोट पुढे जाते. या कादंबरीत एकही वाक्य सजवून ठेवलेले नाही. ऐंशीहून अधिक वर्षे लोटली तरी भाषेवर गंज चढलेला नाही. वहीत मात्र चक्रधरविषयी कडक शब्द आहेत. हा माणूस स्वत:च्या जखमेचे कौतुक फार करतो, समोर साऱ्या जातीच्या जाती रक्तबंबाळ होत असताना, असे तिथे लिहिले आहे. त्याचा राग येतो, आणि राग यावा अशाच रीतीने तो रेखाटला आहे की लेखकालाही तो थोडा प्रिय आहे, हे ठरत नाही.

हेच पुस्तक त्यांनी नातीच्या टेबलावर ठेवले. काही बोलले नाहीत. रात्री अकराला दिवा चालू होता, एकलाही होता. सकाळी ती चहाला आली तेव्हा डोळे सुजलेले होते, नि पहिलाच प्रश्न आला : "आजोबा, तो उतरलाच का?"

आजोबा वही चाळू लागले. चक्रधरविषयी दोन पाने होती. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांत नव्हते. तोवर तिने दुसरे पुस्तक मागितले, आणि म्हातारा 'बनगरवाडी' शोधायला कपाटाकडे गेला.