मिनी ट्रॅक्टरची ट्रॉली बांधताना : ओढण्याआधी थांबवण्याचा विचार

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



आज आपल्याकडे मिनी ट्रॅक्टर वाढले आहेत. नांगरट, कोळपणी, फवारणी ही कामे झाली की दुसरी गरज उभी राहते ती वाहतुकीची. शेणखत शेतात न्यायचे, कांदा, मका, भाजीपाला बांधापर्यंत आणायचा, वैरण गोठ्यात टाकायची. पाणंद अरुंद, मध्ये ओढा, पुढे चढ. मोठी ट्रॉली तिथे जात नाही. मग आपण गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे जातो आणि सांगतो, "आमच्या छोट्या ट्रॅक्टरला एक ट्रॉली करून द्या, चांगली मजबूत करा." तो कारागीर हुशार असतो, पण आपण सांगू तसेच तो करणार. म्हणून काय सांगायचे हे आपल्याला माहीत हवे.

ट्रॉली किती मोठी करावी याचा निर्णय बहुतेक जण ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीवर घेतात. "ओढतो की नाही?" एवढाच प्रश्न विचारला जातो. सपाटीवर हळू चालवली तर अठरा-वीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टरही पुष्कळ माल ओढतो. खरा प्रश्न उतारावर येतो. भरलेली ट्रॉली मागून रेटू लागली की तिला थांबवायचे काम ट्रॅक्टरच्या वजनाला आणि ब्रेकला करावे लागते. तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी : ट्रॉलीचे माप इंजिनावरून ठरवू नये, ट्रॅक्टर जेवढे थांबवू शकतो त्यावरून ठरवावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसे ट्रॅक्टर पाहून ट्रॉली बांधावी.

वजनाचा हिशेब

ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत त्याचे वजन दिलेले असते. समजा ते ९०० किलो आहे आणि चालक ६० किलोचा आहे. एकूण ९६० किलो. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर रिकामी ट्रॉली आणि माल मिळून वजन याहून जास्त होऊ देऊ नये. तेही फक्त सपाट शिवारात. वाटेत चढउतार असतील तर ट्रॉलीला ब्रेक बसवलाच पाहिजे.

सात फूट लांब, चार फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असा हौदा धरू. चॅनल, पत्रा, आस, चाके मिळून अशा ट्रॉलीचे रिकामे वजन ३५० किलोच्या आसपास जाते. म्हणजे माल राहिला सुमारे ६०० किलो. हौद्यात ३५ घनफूट जागा आहे. शेणखताचे वजन ओलाव्याप्रमाणे कमीजास्त होते, पण घनफुटाला १७ किलो धरले तर पूर्ण हौद्यात ५९५ किलो खत बसते. हिशेब बरोबर जमला.

पण त्याच हौद्यात ओला मुरूम काठोकाठ भरला तर? मुरूम घनफुटाला ४८ किलो धरला तर ते वजन १,६८० किलो होते. ट्रॉलीसह २,०३० किलो, म्हणजे ट्रॅक्टर आणि चालकाच्या दुपटीहून अधिक. पाच फुटांना एक फूट अशा उतारावर ही ट्रॉली जवळपास ४०० किलोच्या जोराने ट्रॅक्टरला पुढे ढकलते. शेणखताने भरलेली तीच ट्रॉली त्याच उतारावर १८५ किलोच्या आसपास ढकलते. हौदा तोच, ट्रॅक्टर तोच, वाटही तीच. फरक फक्त मालाचा.

यावर सोपा उपाय आहे. हौद्याच्या आतून तळापासून पाच इंचांवर चहूबाजूंनी लाल रंगाची रेघ ओढावी. माती, मुरूम, वाळू, खडी या रेघेवर जाऊ द्यायची नाही. त्या रेघेपर्यंत मुरमाचे वजन ५६० किलो होते. ट्रॉली कोणीही भरो, गडी असो की घरातला मुलगा, त्याला हिशेब करावा लागणार नाही. इतर मालाची रेघ काढायची असेल तर चौदा लिटरच्या दोन बादल्या भरून त्यांचे वजन करावे. दोन बादल्या म्हणजे जवळपास एक घनफूट.

आस कोठे बसवावा

आपल्या आजोबा-पणजोबांना हे ज्ञान होते. बैलगाडी भरताना माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचलले जायचे आणि बैलांचा गळा आवळायचा. माल पुढे जास्त झाला की बैलांचे खांदे सुजायचे. म्हणून थोडा भार जुवावर राहील अशी गाडी भरत. ट्रॉलीचे गणितही हेच आहे.

ट्रॉली उलाळ झाली तर तिची दांडी ट्रॅक्टरचा मागचा भाग वर उचलू पाहते. मागची चाके हलकी होतात, ओल्या जमिनीत जागच्या जागी फिरतात आणि उतारावर ब्रेक दाबूनही घसरतात. उलट दांडीवर भार फार पडला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. चढावर स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही.

यासाठी आस हौद्याच्या बरोबर मध्यावर न बसवता थोडा मागे बसवावा. आपल्या सात फुटी हौद्याचा मध्य पुढच्या टोकापासून ४२ इंचांवर येतो. आस ५० इंचांवर, म्हणजे मध्याच्या ८ इंच मागे घ्यावा. दांडी हौद्याच्या पुढे चार फूट ठेवली तर हुकापासून आसापर्यंत ९८ इंच अंतर होते. माल सारखा पसरलेला असेल तर दर शंभर किलोमागे सुमारे आठ किलो भार हुकावर येतो. एकूण वजन ९५० किलो असता हा भार ७८ किलोच्या आसपास राहतो. ट्रॉली तयार झाल्यावर भरून, सपाट जागी उभी करून, चाकांना दगड लावून दांडी हुकाच्याच उंचीवर ठोकळा आणि वजनकाट्यावर टेकवावी. भार प्रत्यक्ष किती येतो ते कळते.

सांगाडा आणि दांडी

सांगाड्याला तीन इंची चॅनल पुरते. त्याचे वजन मीटरला सुमारे सात किलो असते. वजनदार लोखंड वापरले म्हणजे ट्रॉली मजबूत झाली, असे नाही. लोखंडाचा प्रत्येक जादा किलो मालाच्या वजनातून वजा होतो.

दांडी नेहमी दोन चॅनलची, इंग्रजी 'ए' अक्षरासारखी करावी. हे चॅनल हौद्याच्या पुढच्या पट्टीला नुसते टोकाशी जोडून थांबू नये. ते हौद्याखालून निदान आसाजवळच्या आडव्या पट्टीपर्यंत न्यावेत आणि मध्ये येणाऱ्या प्रत्येक पट्टीला जोडावेत. खड्ड्यात चाक आदळले की सर्वांत जास्त ताण दांडी हौद्याला मिळते तिथे येतो. नुसत्या टोकाच्या वेल्डिंगवर विसंबलेली दांडी तिथेच चिरते.

आसासाठी ५० मिलीमीटर चौरस भरीव लोखंड या वजनाला पुरेसे आहे. तो पाट्यांना यू बोल्टने जोडावा. आसाच्या खालच्या अंगाला आडवे वेल्डिंग करू नये. भार पडला की आसाची खालची बाजू ताणली जाते आणि आडव्या वेल्डिंगपासून तडा सुरू होतो. मोडीतल्या जीपचा मागचा आस मिळाला तर हब, बेअरिंग आणि ब्रेकचे ड्रम आयते मिळतात. मात्र त्याचा मधला गोळा खाली लोंबतो. दगडगोट्यांच्या वाटेवर तो अडकणार नाही ना, हे पाहून घ्यावे.

चाके हौद्याच्या बाहेर घ्यावीत. चाके खाली घेतली तर हौदा उंच होतो आणि आडव्या उतारावर ट्रॉली कलंडण्याची भीती वाढते. ६.००-१६ मापाची चाके बाहेर ठेवून हौद्याचा तळ जमिनीपासून दोन फुटांच्या आसपास राखता येतो. मिनी ट्रॅक्टरची चाके जवळजवळ असतात. त्याच चाकोरीत बसवण्याच्या नादात ट्रॉलीची चाके आत घेऊ नयेत. पाणंद जेवढी परवानगी देईल तेवढी ती रुंद ठेवावीत. टायरच्या बाजूवर लिहिलेली भारक्षमता वाचून मगच टायर घ्यावा.

हुक

शेतातल्या वाटेवर ट्रॅक्टर एका अंगाला कलतो तेव्हा ट्रॉली दुसऱ्या अंगाला कललेली असते. दांडीची कडी पक्की असेल तर हा पीळ दांडीवर येतो. ट्रॉली उलटली तर ती ट्रॅक्टरलाही ओढते. म्हणून कडी स्वतःभोवती फिरणारी बसवावी. पिनेला खालून कुलपी खिळा हवाच. शिवाय दांडीपासून ट्रॅक्टरला एक जाड साखळी असावी, म्हणजे पिन निसटली तरी ट्रॉली सुटत नाही.

ट्रॉली ट्रॅक्टरच्या खालच्या ओढपट्टीलाच जोडावी. वरच्या टॉप लिंकच्या जागी साखळी किंवा हुक कधीही लावू नये. मागच्या आसाच्या वरून ओढ लागली की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलते आणि तो मागे उलटू शकतो. उलटायला इतका कमी वेळ लागतो की चालकाला क्लच दाबायलाही सवड मिळत नाही.

ब्रेक

ब्रेक दोन प्रकारे करता येतो. एक, हाताच्या लिव्हरचा. ट्रॉली उभी करताना तो उपयोगी पडतो. दुसरा, ट्रॉलीच्या रेट्यानेच लागणारा. यात दांडीच्या टोकाची कडी एका नळीत थोडी मागेपुढे सरकते. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे रेटते, कडी आत सरकते आणि तिला जोडलेला दट्ट्या किंवा तार ड्रममधील ब्रेक दाबते. रेटा जितका मोठा, ब्रेक तितका घट्ट. मात्र ट्रॅक्टर मागे घेतानाही हाच ब्रेक लागतो. म्हणून तो बंद ठेवणारी एक पिन हवी आणि मागे घेऊन झाल्यावर ती आठवणीने काढायला हवी. हे काम ब्रेकची माहिती असलेल्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. दोन्ही चाकांचे ब्रेक सारखे लागले पाहिजेत, नाहीतर ट्रॉली एका बाजूला ओढते.

चालवताना

पहिल्या दिवशी निम्मा माल भरून सपाटीवर चालवावे. थोडे अंतर गेल्यावर हबला हात लावून पाहावा. चटका बसत असेल तर बेअरिंग घट्ट बसले आहे. चाकांचे आणि यू बोल्टचे नट पुन्हा आवळावेत. वेल्डिंगच्या जागी रंगाला चीर पडली आहे का ते पाहावे. ती रंगाची नसून लोखंडाची असू शकते.

उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. अर्ध्या उतारावर क्लच दाबून गिअर बदलायला जाऊ नये. तेवढ्यात ट्रॅक्टर मोकळा सुटतो. ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकचे दोन पायटे शेतात सुटे ठेवतो, ते ट्रॉली जोडताना कडीने एकत्र अडकवावेत. एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. वेग दुप्पट केला की थांबायला चौपट अंतर लागते, हेही विसरू नये.

आणि एक कळकळीची विनंती. दांडीवर कोणालाही उभे करू नका, भरलेल्या मालावर कोणालाही बसवू नका. दिवसभर खुरपून दमलेल्या बायाबापड्यांना घरी सोडण्याची आपली भावना चांगली असते. पण दांडीवरून पाय घसरला की माणूस थेट चाकाखाली जातो. पाच मिनिटे चालणे वाचवण्यासाठी एवढी किंमत कोणी देऊ नये.

येथे सांगितलेली ट्रॉली शिवारातल्या कामाची आहे. सार्वजनिक रस्त्यावर आणायची असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलरचीही नोंदणी लागते. काम सुरू करण्याआधीच परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विम्याचेही विचारावे. शेतातच वापरायची असली तरी मागे लाल आणि पुढे पांढरे परावर्तक लावावेत. संध्याकाळी पाणंदेतून येताना तेच आपल्याला दाखवतात.

शेवटी, लोखंडाला हात लावण्यापूर्वी चार आकडे कागदावर लिहून काढा : ट्रॅक्टरचे वजन, रिकाम्या ट्रॉलीचे वजन, मालाचे वजन आणि वाटेतील सर्वांत मोठा उतार. हा कागद घेऊनच कारागिराकडे जा. हौदा शेजाऱ्याच्या ट्रॉलीपेक्षा लहान झाला तरी वाईट वाटून घेऊ नका. चार खेपांऐवजी पाच कराव्या लागतील, पण पाचही खेपांना माणूस आणि ट्रॅक्टर धड घरी येतील.