घराचे छायाचित्र आणि घराचे माप



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची कल्पना असावी. पण आमच्या युनियनच्या कचेरीत पगाराच्या खालोखाल तक्रारी येतात त्या घराच्या. म्हणून आज घराच्या जाहिरातीतल्या छायाचित्राविषयी, आणि त्याशेजारी हसत उभ्या असलेल्या दलालाच्या छायाचित्राविषयी चार शब्द सांगणार आहे.

आमचा एक सभासद टर्नर. तीस वर्षे लेथवर काढलेली. सुताचा फरक नुसत्या बोटाने ओळखणारा माणूस. निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे त्याने घरात घालायचे ठरविले. मोबाईलवर फोटो पाहिला : लांबरुंद खोली, पलंग, कपाट, शिवाय मधे नातवंडे खेळतील एवढी मोकळी जागा. इमारत अर्धीच उभी होती. फोटो नमुन्याच्या घराचा होता. त्याने पैसे भरले. ताबा मिळाल्यावर स्वतःचा पलंग आत घातला, तर कपाटाचे दार उघडेना! मला म्हणाला, "भाऊ, जन्मभर मापाशिवाय एक तुकडा कापला नाही, आणि घर मात्र फोटोवरून घेतले."

मग फोटो खोटा होता काय? घरांचे फोटो काढणाऱ्या एका तरुणाकडे मी चौकशी केली. साधारण आपल्या नजरेला भासते तसे चित्र देणारे भिंग ५० मिलिमीटरचे धरतात. घरासाठी मात्र १६ ते २४ मिलिमीटरचे रुंद भिंग लावतात. त्याला कारणही आहे. दहा फुटांच्या खोलीत मागे सरकायला जागा नसते. साध्या भिंगात एक भिंत जेमतेम मावते. रुंद भिंगात सगळी खोली मावते, पण जवळची फरशी ताणली जाते आणि समोरची भिंत दूर पळते. खिडकीबाहेरचा उजेड आणि आतला अंधार, दोन्ही नीट दिसावेत म्हणून दोन-तीन फोटो एकात एक मिसळतात. इथपर्यंत मी याला कसब म्हणेन. पण नमुन्याच्या घरात आखूड पलंग करून ठेवायचा, दारे काढून टाकायची, खिडकीसमोरची इमारत पुसून तेथे आभाळ भरायचे, ही लबाडी होय.

या लबाडीचा दोष त्या फोटोवाल्या पोरावर टाकू नका. त्याला घरामागे ठरलेली रक्कम मिळते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याच्या मालकीचा होतो. पुढे त्यात काय पुसले नि काय भरले, हे त्याला कोण विचारतो?

आता दलालाचा फोटो. कोट, हसरा चेहरा, हातात किल्ली. पूर्वीचा दलाल आपल्याच आळीतला असे. फसविले तर दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात तोंड दाखवावे लागे. ती ओळख आता उरली नाही. तिची जागा हा फोटो भरून काढतो. मी त्याची थट्टा करीत नाही. सौदा झाला तरच चूल पेटते, अशी पुष्कळ दलालांची स्थिती आहे. पण चेहरा वाचण्यापेक्षा त्याखालचा नंबर वाचा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण रेरा म्हणतो, नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या दलालाला स्वतःची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून अशा प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोडही छापावा लागतो. तो मोबाईलवर धरला की प्रकल्पाची नोंद समोर येते.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली : फोटोत भिंती पाहू नका, फरश्या मोजा. फरशी बहुधा दोन फुटी असते. पाच फरश्या म्हणजे दहा फूट. भिंग फरशी ताणील, पण पाचाच्या सहा करू शकणार नाही. दुसरी : चटईक्षेत्र विचारा. कायद्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत. तिसरी : जाहिरात जपून ठेवा. जाहिरातीतल्या किंवा नमुन्याच्या घरातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले नि नुकसान झाले, तर त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे भरपाई मागता येते. घर नको असेल तर सगळे पैसे व्याजासह परत मागता येतात.

आमच्या टर्नरने जाहिरात ठेवली नव्हती. मोबाईल बदलला, फोटो गेला, आणि हातात पुरावा राहिला नाही. तो आजही त्याच खोलीत राहतो. कपाट त्याने विकून टाकले. मात्र आमच्यापैकी कोणी घर पाहायला निघाला, की हा खिशात टेप घालून बरोबर जातो. दलाल फोटो दाखवू लागला, की हा खाली बसतो आणि टेप ओढतो.