गाठ अलिंदात, आघात रोहिणीत

(जऊळका, जि. वाशीम येथील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



पस्तिशीतील एखादी गृहिणी डोळ्यांपुढे आणावी. मिश्री-तंबाखू नाही, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस. सकाळी उठताच तिच्या छातीत कळ येते, अंगाला दरदरून घाम सुटतो. घरातील मंडळी म्हणतात, "पित्त खवळलं असेल, सोडा द्या." शेजारची जाणती बाई म्हणते, "हिला कुठला हार्ट अटॅक? हिचं वय तरी काय!" या एका वाक्यापायी जे दोन तास जातात, ते पुढे कोणत्याही रुग्णालयात परत मिळत नाहीत.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांना हृद्‌रोहिणी म्हणतात. वर्षानुवर्षे त्यांच्या भिंतींत चरबीचा थर साचतो, एके दिवशी तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पुढचा स्नायू उपाशी मरू लागतो. बहुसंख्य झटक्यांचे कारण हेच. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब ही त्याची सोबती मंडळी. त्यांच्याविषयी व्हावे तेवढे प्रबोधन अजूनही झालेले नाही, हेही खरे. परंतु क्वचित असेही घडते की हृद्‌रोहिणी निर्मळ असते आणि तिच्यात अडकलेला तुकडा दुसरीकडून आलेला असतो. तो येतो हृदयाच्याच कप्प्यात वाढलेल्या गाठीपासून.

हृदयात मूळ धरणारी गाठ अत्यंत विरळा. त्यातही बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. प्रौढांत सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे मिक्सोमा. शंभरांपैकी सुमारे पंचाहत्तर मिक्सोमा डाव्या अलिंदात, दोन अलिंदांमधील पडद्याला देठाने लोंबकळत वाढतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्या अधिक, आणि तेही ऐन कर्तेपणाच्या, तीस ते साठ या वयात. भिजवलेल्या डिंकासारखा मऊ, लिबलिबीत असा हा गोळा. प्रत्येक ठोक्यासरशी तो हलतो. त्याचा एखादा कण सुटला की डाव्या निलयातून महारोहिणीत जातो. तेथून बहुतेक कण मेंदूकडे वा हातापायांकडे जातात, म्हणून तरुण माणसाच्या अर्धांगवायूमागेही ही गाठ सापडते. हृद्‌रोहिणींची तोंडे मात्र महारोहिणीच्या अगदी आरंभी, लहान आणि आडवळणाची. तेथे कण शिरणे दुर्मीळ. पण शिरला, तर निर्व्यसनी माणसालाही झटका येतो. पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा नावाची दुसरी एक गाठ हृदयाच्या झडपांवर वाढते. ती महारोहिणीच्या झडपेवर असली तर हृद्‌रोहिणीच्या तोंडाशीच दडी मारून बसते.

ही गाठ सोंग घेण्यात तरबेज आहे. बारीक ताप, वजन घटणे, थकवा, सांधेदुखी यांमुळे क्षयाचा संशय येतो. गाठ द्विदल झडपेच्या तोंडाशी येऊन रक्त अडवते, तेव्हा दम लागतो, चक्कर येते. स्टेथोस्कोपला संधिवाताच्या तापाने आकसलेल्या झडपेसारखाच आवाज लागतो. एक खूण मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे : उठता-बसता, कूस बदलता दम वाढतो किंवा कमी होतो. रुग्णाने हे आपणहून डॉक्टरांना सांगितले पाहिजे, कारण घाईच्या ओपीडीत ते विचारले जाईलच असे नाही.

एकेकाळी ही गाठ शवविच्छेदनातच दिसायची. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर या हृदयतज्ज्ञाने आणि हेलमुट हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाने धातूतील भेगा शोधण्याचे, जहाजबांधणीत वापरले जाणारे ध्वनियंत्र हृदयावर लावून पाहिले. त्यातून एको तपासणी जन्मली. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने डाव्या अलिंदातील मिक्सोमा यशस्वीपणे काढला. आपल्याकडेही या शास्त्राची उमेद मोठी होती. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी देशातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला, पण महापालिकेच्या रुग्णालयात हे धाडस झाले, याचा विसर पडू नये.

आज टू-डी एको वेदनारहित आहे आणि काही मिनिटांत होतो. म्हणून तरुण वयात झटका आला आणि अँजिओग्राफीत रोहिणीचे आजारपण दिसले नाही, तर "रिपोर्ट नॉर्मल, घरी चला" यावर नातेवाइकांनी समाधान मानू नये. एको झाला का, अलिंदात काही दिसले का, रोहिणीतून काही काढले असल्यास ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवले का, हे नम्रपणे पण निश्चयाने विचारावे. झटक्यावेळी डॉक्टरांनी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सुचवले तर ते मात्र या दुर्मीळ शंकेपायी नाकारू नये. त्या घटकेचा निर्णय त्यांचाच.

गाठ सापडली, तर गोळ्यांनी ती विरघळत नाही. शस्त्रक्रियेने ती देठासकट, चिकटलेल्या पडद्याच्या तुकड्यासह काढावी लागते आणि तीही फार न रेंगाळता, कारण पुढचा कण केव्हा सुटेल याचा नेम नाही. खर्चाच्या धास्तीने घर हबकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. कोणत्या रुग्णालयात कोणती शस्त्रक्रिया बसते, हे तेथील आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्यावे.

जऊळक्याहून एकीकडे वाशीम, दुसरीकडे अकोला. रात्री-अपरात्री १०८ क्रमांक फिरवणे, ईसीजी कोठे निघतो हे ठाऊक असणे, शेजाऱ्याच्या गाडीची किल्ली कोणाकडे आहे हे माहीत असणे, एवढी तयारी शाखेतील चार तरुणांनी मनावर घेतली तर गावाची होऊ शकते. सेवाकार्याला दरवेळी इमारत लागते असे नाही.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्ण पूर्ववत कामाला लागतात. थोड्यांत गाठ पुन्हा उगवते, म्हणून ठरावीक काळाने एको करून घ्यावा लागतो. काही घराण्यांत हा आजार वंशपरंपरेने येतो. अशा वेळी ओठांवर, डोळ्यांभोवती तपकिरी ठिपकेही दिसतात. तेव्हा रुग्णाच्या सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचाही एकेक एको होणे आवश्यक आहे, त्यांना काहीही होत नसले तरी.